एक नंबरचा धक्का

शनिवारी सकाळी सुप्रभाने ट्रॅव्हल एजंटचा ईमेल छापून नाश्त्याच्या टेबलावर ठेवला आणि ती चहा गाळायला वळली. तेवढ्या वेळात कस्तुरीने तो वाचून काढला.

"आई, लेकवर तीन टाइपच्या बोटी आहेत. आपण एक चूज करायची."

ऑक्टोबरच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत तिघं चीनला जायची होती. सुप्रभा, तिचा नवरा मिलिंद आणि अकरा वर्षांची कस्तुरी. शांघायला चार दिवस, मग हांगचौला दोन. हांगचौला वेस्ट लेक नावाचं प्रचंड तळं आहे आणि त्यात बोटीतून फिरल्याशिवाय कोणी परत येत नाही. एजंट मिसेस शेन यांनी तीन पर्याय दिले होते. पहिली, ड्रॅगनच्या तोंडाची मोठी रंगीत बोट, शहराच्या बाजूच्या एक नंबरच्या धक्क्यावरून सुटणारी. दुसरी मधल्या आकाराची, बंद काचांची, पलीकडच्या काठावरून. तिसरी वल्ह्याची छोटी होडी, एक नावाडी आणि सहा माणसं. रविवारपासून चीनमध्ये आठवडाभर सुट्टी होती, म्हणून आज दुपारी बारापर्यंत उत्तर हवं, असं खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

"मला ते ड्रॅगनवाला बोट पाहिजे," कस्तुरी म्हणाली.

एरवी सुप्रभाने लगेच टोकलं असतं. ते बोट हाताचं, ती बोट पाण्यातली. हा दोघींचा जुना खेळ होता. आज ती म्हणाली, "दुसरी घेऊ या. काचा आहेत, वारा लागणार नाही."

"पण ड्रॅगनवाली बेस्ट आहे. इथे लिहिलं, मुलांसाठी बेस्ट."

"तिथे फार गर्दी असते."

"तुला काय माहीत?"

"कस्तुरी, दुसरी म्हटलं ना! विषय संपला."

आवाज इतका चढला की सुप्रभा स्वतःच दचकली. कस्तुरीने हातातला टोस्ट ताटलीत ठेवला. एका बोटीसाठी आई ओरडली, हे तिला कळेना. ती उठली आणि वर निघून गेली.

कस्तुरीचा जन्म चीनमधला. ही गोष्ट घरात कधीच लपवली गेली नव्हती. लपवता आलीच नसती, आरशात रोज दिसत होती. सुप्रभा आणि मिलिंद नागपूरहून एकोणनव्वद साली लंडनला आले. मूल होत नव्हतं. सगळे उपाय झाल्यावर शहाण्णव साली ते हांगचौच्या अनाथाश्रमातून एक वर्षाची मुलगी घेऊन लंडनच्या पिनर उपनगरातल्या या घरात परतले. मराठी मंडळाच्या गणपतीत एखादी नवी बाई कुजबुजायची, "मुलगी कुठली?" तेव्हा कस्तुरीच पुढे होऊन सांगायची, "मी पिनरचा." मग सुप्रभा सुधारायची, "पिनरची." आणि सगळ्या हसायच्या.

पण अनाथाश्रमाच्या आधीचं कस्तुरीला माहीत नव्हतं. तिथल्या मावश्यांनी तुला सांभाळलं, मग आम्ही न्यायला आलो, इतकंच तिला सांगितलं होतं. ती तिथे कशी पोचली, हे एका कागदावर लिहिलेलं होतं. पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत एक महिन्याचं बाळ सापडलं, एक नंबरच्या धक्क्यावर, तिकीट खिडकीशी. मूळ चिनी कागद कपाटातल्या निळ्या फायलीत होता. त्याचं इंग्रजी भाषांतर सुप्रभाने हॅरोला ती ज्या औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट होती, तिथल्या स्वतःच्या लॉकरमध्ये ठेवलं होतं. चिनी कागद घरात कोणाला वाचता येणार नव्हता.

मिलिंद गेली दोन वर्षं म्हणत होता की सांगून टाकू. सुप्रभा म्हणायची, बारा पूर्ण होऊ देत. आणि आता हा ईमेल.

तिने कस्तुरीच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज ऐकला. मग जिन्याखालचा फोन उचलून मिसेस शेनना लावला.

"दोन नंबरची बोट," ती इंग्रजीत म्हणाली. "बंद काचांची."

"नक्की?" मिसेस शेन म्हणाल्या. "ती म्हातारी माणसं घेतात. काचांवर वाफ धरते, काही दिसत नाही. मी त्याच तळ्याकाठी वाढले. तुमची मुलगी अकरा वर्षांची ना? एक नंबरच्या धक्क्यावरून जा, माझं ऐका."

"नको."

"तो धक्का तुमच्या हॉटेलच्या समोरच आहे. पलीकडे जायला तुम्हाला टॅक्सी..."

"मिसेस शेन, प्लीज." सुप्रभाने रिसीव्हरवर हात धरला आणि आवाज खाली आणला. "माझी मुलगी त्या धक्क्यावर सापडली होती. तिकीट खिडकीपाशी. तिला हे माहीत नाही. मला तिला तिथे उभं करायचं नाहीये."

"सॉरी," मिसेस शेन म्हणाल्या. "मी दोन नंबरची लिहिते."

फोन ठेवून सुप्रभा स्वयंपाकघरात गेली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. दहा मिनिटांनी कस्तुरी जॅकेट घालून, पाठीला सॅक लावून खाली आली. चेहरा वेगळाच होता, पण तो भांडणामुळे असेल असं सुप्रभाला वाटलं.

"मी आशाकडे चालले," ती म्हणाली. आशा तिची मैत्रीण, चार घरं सोडून राहणारी.

"बारा वाजता परत ये. आणि कस्तुरी, मघाशी मी ओरडायला नको होतं."

"इट्स फाइन," असं म्हणून कस्तुरीने दार ओढून घेतलं.

अकरा वाजून गेल्यावर सुप्रभाने इस्त्री बंद केली आणि काहीतरी गोड म्हणून केकचे दोन तुकडे डब्यात घेऊन ती आशाकडे गेली. आशाच्या आईने दार उघडलं. "कस्तुरी? नाही हो, आज आलीच नाही. आशा सकाळपासून स्विमिंगला गेलीय."

सुप्रभा डबा तिथेच देऊन धावत घरी आली. कस्तुरीची खोली रिकामी. बाग रिकामी. पार्कपर्यंत जाऊन आली, तिथे फुटबॉल खेळणारी मुलं आणि कुत्री. परत आल्यावर तिला कपाटाचं दार अर्धवट उघडं दिसलं. निळी फाइल पलंगावर होती. दत्तकाचं लाल पुस्तक जागेवर होतं, लसीकरणाचं कार्ड होतं. चिनी कागद नव्हता.

तेव्हा तिला जिन्याची दहावी पायरी आठवली. लहानपणापासून कस्तुरी तिथे बसून मोठ्यांची बोलणी ऐकायची.

तिने मिलिंदला मोबाइल लावला. तो ग्लासगोला होता. त्याच्या बँकेत या शनिवार-रविवारी नवी सिस्टिम चालू होणार होती. चौथ्या वेळी त्याने उचलला.

"कस्तुरी घरी नाही. कागद घेऊन गेलीय. मिलिंद, तिने ऐकलंय सगळं."

"कधीपासून नाही?"

"दहा. सव्वादहा."

"दीड तास! अगं, पोलिसांना फोन केलास का?"

"नाही, मी आत्ता..."

"मी तुला सांगत होतो, सुप्रभा. दोन वर्षं सांगत होतो." मग त्याचा आवाज बदलला. "बरं, ते राहू दे. आधी पोलिसांना फोन कर. मी मिळेल त्या फ्लाइटने निघतो."

तिने रिसीव्हर ठेवला. पोलिसांना कपडे सांगावे लागतील. निळं जॅकेट, जीन्स. बूट कुठले होते? तिला बूट आठवेनात. रोज शंभर गोळ्यांवरची लेबलं न चुकता तपासणारी बाई, तिला मुलीच्या पायात काय होतं ते सांगता येत नव्हतं. ती नंबर फिरवणार इतक्यात फोनच वाजला.

"मिसेस शेन बोलतेय. तुमची मुलगी माझ्या ऑफिसात आहे."

सुप्रभा जिन्यावर बसली.

"ती सुखरूप आहे. एकटी ट्यूब ट्रेनने आली. मागे तुमच्याबरोबर आली होती ना, रस्ता लक्षात ठेवला म्हणते. एक कागद आहे तिच्याकडे. मी तो वाचून दाखवावा असं म्हणतेय."

"वाचू नका."

"वाचलेला नाही. हातातही घेतलेला नाही. आई आल्याशिवाय वाचणार नाही, असं तिला सांगितलं. पण ती म्हणते, मी नाही वाचला तर खालच्या रेस्टॉरंटमध्ये कोणालाही विचारेल. मी दाराशी खुर्ची टाकून बसलेय. लवकर या."

पिनर ते बेकर स्ट्रीट हा प्रवास सुप्रभाने हजारदा केला होता. त्या दिवशी तो संपेना. हॅरोला गाडी दारं उघडी ठेवून थांबून राहिली. कोणीतरी पेपर उलटत होतं, एक बाळ सारखं चमचा खाली टाकत होतं. सुप्रभा दाराशी उभी होती. कस्तुरीला आधी काय सांगायचं, याची तिने मनात दहा वाक्यं जुळवली आणि दहाही मोडली. खालच्या रेस्टॉरंटमधला कोणी अनोळखी माणूस, हाताला मसाला लागलेला, हसत हसत तो कागद वाचतोय, असं सारखं डोळ्यांसमोर येत होतं. बेकर स्ट्रीटला गाडी बदलून पिकॅडिली सर्कसला ती बाहेर आली ती पळतच. चायनाटाउनमधल्या जेरार्ड स्ट्रीटवर लोक जेवणासाठी रांगा लावून उभे होते. त्यांच्यातून वाट काढत ती मिसेस शेनच्या ऑफिसच्या अरुंद जिन्याने वर गेली.

मिसेस शेन खरोखरच दाराशी बसल्या होत्या. साठीच्या, आखूड केसांच्या. त्यांनी खुर्ची बाजूला केली.

कस्तुरी खिडकीखालच्या बाकावर बसली होती. चारला घडी घातलेला कागद दोन्ही हातांत घट्ट. समोर कोणी आणून ठेवलेला ज्यूस तसाच होता.

सुप्रभा तिच्याकडे झेपावली तशी ती बाकाच्या टोकाला सरकली.

"डोंट." मग मिसेस शेनना कळू नये म्हणून ती मराठीत म्हणाली, "तू खोटं बोलला, आई."

"मी..."

"तू म्हटला मावशीने मला आणला. तू म्हटला तुला बाकी काय माहीत नाही. तुला माहीत होता."

"होतं," सुप्रभा म्हणाली. ट्रेनमधल्या दहा वाक्यांपैकी एकही तिला आठवलं नाही. "माहीत होतं. तू आम्हाला मिळालीस तेव्हापासून."

"मग का नाही सांगितला?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुला वाईट वाटेल याची." तिने थांबून पुन्हा सांगितलं, कारण ते पुरतं खरं नव्हतं. "तू मला विचारशील, कोणी ठेवलं, का ठेवलं, आणि माझ्याकडे उत्तर नसेल, याची."

कस्तुरीने घडी उलगडली. तिने कागद मिसेस शेनपुढे धरला आणि इंग्रजीत म्हणाली, "आता आई आलीय. आता वाचा."

मिसेस शेननी सुप्रभाकडे पाहिलं. सुप्रभाने होकारार्थी मान हलवली.

मिसेस शेननी चष्मा लावला. एकेक ओळ आधी मनात वाचून मग त्या सांगू लागल्या. तारीख. धक्का. तिकीट खिडकीच्या खालचा कोनाडा. सकाळी पाच चाळीस. धक्का झाडणाऱ्या बाईने पाहिलं आणि पोलीस चौकीत कळवलं. फुलाफुलांची दुलई, आत लोकरी टोपी. सोबत चिठ्ठी नाही.

त्या थांबल्या. बोट एका ओळीवर होतं.

"तुमच्याकडे याचं इंग्रजी भाषांतर असेल ना? त्यात या पुढे काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"प्रकृती चांगली," सुप्रभा म्हणाली. तो कागद तिला पाठ होता.

"तसं नाहीये इथे. इथे लिहिलंय, बाळाचं अंग गरम होतं."

"म्हणजे ताप?" सुप्रभा फार्मसिस्टच्या सवयीने म्हणाली.

"नाही, नाही. ताप नाही. ऊब." मिसेस शेननी कागद खाली ठेवला आणि कस्तुरीकडे वळून त्या सावकाश बोलल्या. "फेब्रुवारीत, पहाटे, त्या धक्क्यावर पाण्यावरचा वारा येतो. मी शाळेत जाताना तिथून जायची, हातमोज्यांत बोटं बधिर व्हायची. इतकं लहान बाळ तिथे तासभर असतं तर गार पडलं असतं. तू उबदार होतीस. तुला ठेवून फार वेळ झाला नव्हता. काही मिनिटंच."

"मग ती तिथेच होती?" कस्तुरीने विचारलं. "बघत होती?"

हो म्हणा, असं सुप्रभाला ओरडावंसं वाटलं.

"मला माहीत नाही," मिसेस शेन म्हणाल्या. "कोणालाच माहीत नाही. झाडणारी बाई रोज त्या वेळी येते, हे शहरातल्या सगळ्यांना माहीत असायचं. एवढंच मी सांगू शकते."

खालून भांड्यांचा आवाज येत होता. कस्तुरीने कागदातली ती ओळ कुठली ते विचारून घेतलं आणि त्या अक्षरांवर बोट ठेवून बराच वेळ बसली. सुप्रभाला तिच्या शेजारी बसायचं होतं, पण ती उभीच राहिली.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजत आला होता. मिसेस शेन म्हणाल्या, "हांगचौचा माणूस माझ्या फॅक्ससाठी थांबलाय. बोटीचं पुढे ढकलू का? नकोच म्हणू?"

"नकोच म्हणा," सुप्रभा पटकन म्हणाली.

"नो!" कस्तुरी उभी राहिली. "तू परत डिसाइड करते. मला विचार."

"बरं. तू सांग."

कस्तुरीने डोळे पुसले आणि मिसेस शेनना विचारलं, "ड्रॅगनवाली बोट मध्ये थांबते?"

"नाही. शंभर माणसं असतात. ठरलेल्या वेळी सुटते, सरळ बेटावर जाते, भोंग्यावर बाई माहिती सांगत असते. कोणासाठी थांबत नाही."

"दोन नंबरवाली?"

"तीही नाही."

"आणि छोटी?"

"होडीत नावाडी तुमच्या समोर बसतो. थांब म्हटलं की वल्हं वर उचलतो. परत फिर म्हटलं की फिरतो. मात्र वारा असला तर होड्या सोडत नाहीत."

कस्तुरी विचारात पडली. "मला त्या धक्क्यावर उभं नाही राहायचं," ती शेवटी म्हणाली. "तिथे सगळे आइस्क्रीम खात असणार. पण मला ते बघायचं आहे. पाण्यातून. दुसऱ्या बाजूने होडीत बसायचं, धक्का दिसेल तिथपर्यंत जायचं, आणि मी सांगेन तेव्हा थांबायचं. असं होईल?"

"होईल. तसं मी लिहून देते."

"होडी लहान असते, कस्तुरी," सुप्रभाच्या तोंडून निघालं. "पाणी..."

"मला पोहता येतं. तुला नाही येत."

"आणि वारा असला तर?"

"मग थांबू. दोन दिवस आहेत ना आपल्याकडे." तिने आईकडे सरळ बघितलं. "तू येणार ना होडीत?"

"येणार."

मिसेस शेननी फॅक्स लिहिला. लिहून झाल्यावर तो कस्तुरीपुढे ठेवून प्रत्येक अक्षराचा अर्थ सांगितला, आणि मगच मशीनमध्ये सरकवला. निघताना सुप्रभाने त्यांचे हात धरले. त्या म्हणाल्या, "माझ्या दाराशी बसायची मला सवय नाही. कंबर धरली," आणि हसल्या.

परतीच्या गाडीत कस्तुरी शेजारी बसली नाही, समोर बसली. कागद सॅकमध्ये होता. वेम्ब्ली पार्क स्टेशन मागे पडलं. सुप्रभाला वाटलं, आज सगळं उघडलंच आहे तर उरलेलंही उघडावं, नाहीतर ते पुन्हा दहा वर्षं पडून राहील.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "तुला घ्यायला गेलो, त्याच्या आदल्या दिवशी आम्ही त्या तळ्यावर गेलो होतो. त्याच धक्क्यावर. बाबांनी माझा फोटो काढला. तिकीट खिडकीपाशी. मी हसतेय त्यात, हातात भाजलेले चेस्टनट आहेत. दुसऱ्या दिवशी कागद हातात आला आणि कळलं, मी कुठे उभी होते. तो फोटो मी अल्बममध्ये लावला नाही."

"फाडलास?"

"नाही. दुकानातल्या लॉकरमध्ये आहे."

कस्तुरीने मान खिडकीकडे वळवली. हॅरो गेलं, नॉर्थ हॅरो गेलं.

"तुला माहीत नव्हतं ना तेव्हा," ती काचेकडे बघतच म्हणाली. माफ केल्यासारखं नव्हतं ते. ती फक्त हिशेब जुळतो का ते बघत होती. "मला तो फोटो पाहिजे. आणि इंग्लिश कागद पण. सगळं माझ्याकडे राहणार."

"सोमवारी आणते."

"उद्या. दुकान संडेला चालू असतं."

"उद्या," सुप्रभा म्हणाली.

पिनरला उतरून कस्तुरी भराभर पुढे चालली. कोपऱ्यावर मात्र रस्ता ओलांडायच्या आधी ती थांबली आणि आई येईपर्यंत तिने मागे न बघता वाट पाहिली.

घरात फोन वाजतच होता. पिकॅडिलीला उतरल्यावर सुप्रभाने मिलिंदला 'सापडली' एवढाच मेसेज केला होता. तो ग्लासगोच्या विमानतळावरून बोलत होता. सुप्रभाने "हो, ठीक आहे, इथेच आहे" म्हणेपर्यंत कस्तुरीने तिच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि ती जिन्याच्या दहाव्या पायरीवर जाऊन बसली. वायर पुरेपर्यंत ताणली.

"बाबा, तुला पण माहीत होतं?" तिने विचारलं.

सुप्रभा स्वयंपाकघरात गेली. तीन वाजले होते, सकाळपासून कोणी खाल्लं नव्हतं. तिने कुकरमध्ये खिचडी टाकली. मीठ दोनदा पडलं की एकदाच, ते तिला सांगता आलं नसतं. जिन्यावरून फक्त अधूनमधून "हं" ऐकू येत होतं, आणि मध्ये मोठी शांतता. त्या शांततेत पलीकडे मिलिंद काय सांगत होता, ते तिला कळायला मार्ग नव्हता. दोन वर्षं सांगायला निघालेला माणूस आता काय शब्द वापरत असेल?

कुकरची पहिली शिटी झाली तेव्हा कस्तुरी दारात उभी होती. रिसीव्हर छातीशी धरलेला, डोळे लाल.

"आई, बाबा रडतोय," ती हळूच म्हणाली. "मला काय बोलायचं कळत नाहीये. तू ये."

सुप्रभा गॅस बारीक करून तिच्याजवळ गेली. वायर आणखी लांब येत नव्हती, म्हणून दोघी दाराच्या चौकटीतच खाली बसल्या आणि रिसीव्हर दोघींच्या कानांमध्ये धरला.